तहसीनच्या दोन शाखा

तहसीनला कोणी ‘कम्प्युटरवाली पोरगी’ म्हटलं की मला राग येतो. पोरगी कसली? चाळिशीची बाई आहे, आणि बल्लारपुरात बसून चामोर्शीकडच्या नऊ शाळांचे जुने संगणक चालते ठेवते.

मराठी टायपिंगचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम घ्यायचा, शाळांसाठी त्यात दुरुस्त्या करायच्या आणि कोणालाही बसवता येईल असं पॅकेज बांधायचं, हे तिचं काम. जोडीला चामोर्शीचे लालसू मास्तर. त्यांनी आजीकडून लिहून घेतलेली गोंडी शब्दांची यादी त्यात घातली होती.

२००८च्या मे महिन्यात मूळ प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. मास्तरांनी ती जुन्यावर सरळ चढवली. यादी गेली, तहसीनच्या दुरुस्त्याही गेल्या. शाळा उघडायला पाच आठवडे!

मास्तर बल्लारपुरात आले तेव्हा तहसीननं विचारलं, “काऊन मास्तर, सगळं झाडून नेलं?”

मास्तर ओशाळले, पण हट्ट सोडेनात. “आता एकाच सर्व्हरवर ठेवू. जो तो तिथीच जमा करन.”

“तुमची इंटरनेटची लाईन आठवड्यातून चार दिवस बंद राह्यते. मंग काम काय पोस्टानं पाठवता?”

तिचे वडील बाबूभाई शिलाई मशीनवरून म्हणाले, “मास्तर, नापाचा शर्ट मी कधी उसवत नाई. तो जसाचा तसा परत. माही शिलाई दुसऱ्या कपड्यावर.”

“बाबूभाई, शिवणकाम नाही चाललंय इथं,” मी शेजारीण फटकन बोलले. चुकले. त्यांचं ऐकून तहसीन केव्हाच लिहायला बसली होती.

तिनं गिट नावाचं सॉफ्टवेअर निवडलं. त्यात कोणी काय बदललं याचा सगळा इतिहास प्रत्येकाच्या संगणकात राहतो, लाईन लागत नाही. दोन शाखा, म्हणजे कामाच्या दोन वेगळ्या प्रती, केल्या: एकीत मूळ प्रोग्राम, त्याला हात लावायचा नाही, दुसरीत आपल्या दुरुस्त्या. नवी आवृत्ती आधी पहिलीत, मग तिथून दुसरीत मिसळायची. देवाणघेवाण पेन ड्राइव्हवर, बाजाराच्या दिवशीच्या बसनं. तहसीननं दुरुस्त्या नव्यानं केल्या, मास्तरांनी वहीवरून यादी पुन्हा टाइप केली. बरी अद्दल घडली.

शाळा वेळेवर सुरू झाल्या. ऑगस्टमध्ये पुन्हा नवी आवृत्ती आली, तेव्हा मी तिथंच होते. मास्तरांचा फोन आला.

“तहसीनबाई, मिसळलं. एक ओळ मूळवाल्याईनं अन् तुम्ही, दोघाईनं बदलली हाय. कोणाची ठेवू?”

“वाचून पाहा ना!”

“...तुमचीच बरी हाय.”

“मंग तसं नोंदीत लिहा, उद्या भांडता येणार नाई. अन् यादी?”

“जागच्या जागी. आजीचा एक शब्द नाई हालला.”

तिनं फोन ठेवला आणि बाबूभाईंना चहा मागितला. तेही मशीन सोडून चहा टाकायला उठले.