पट्टीबाई आणि सोळा तारखेची मोजणी

चूक माझीच. ती दुसऱ्या कुणावर ढकलता येते का, हे मी बरंच तपासून पाहिलं. पण खोलीत तेव्हा मी, एक संगणक आणि बावन्न वर्षांपूर्वीची एक वही एवढेच होतो, आणि संगणक बंद होता.

तेरा तारखेची दुपार. पट्टीबाई डबा खाऊन हात पुसत आत आल्या आणि मी तोंड उघडलं. "बाई, तुमचा तो माणूस सोळाला गेला हो. बुडाला. आणि गंमत म्हणजे दोन दिवस आधी त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय."

गंमत म्हणालो मी. हा शब्द मला अजून चावतो.

पट्टीबाई म्हणजे आमच्या मोजणी खोलीच्या सर्वेसर्वा. नदीकाठच्या भिंतीवर आकड्यांची एक लांब लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. खोलीपासून बेचाळीस पायऱ्या उतरून तिच्यापाशी जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं, वर येऊन वहीत लिहायचं. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. हे काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या. वय सत्तेचाळीस, उंची बेताची, आवाज मात्र पैलतीरावर पोचणारा. लग्न केलं नव्हतं, भावाकडे राहत. भावजय एकदा किल्ली द्यायला आली तेव्हा मला म्हणाली, "आमच्या वन्संना स्थळं काय कमी आली? पण सहाच्या ठोक्याला उठून जायच्या, मुलगा समोर चहा घेत बसलेला असताना!"

मी नवा आलो तेव्हा त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "शिक्षण?"

"पदवीधर."

"पोहता येतं?"

"नाही."

"म्हणजे अर्धाच शिकलास." तेव्हापासून माझं नाव पदवीधर.

माझं काम जुन्या वह्या संगणकात चढवण्याचं. दुसऱ्याच आठवड्यात ती वही हाती लागली. शिवण उसवलेली, कडा कुरतडलेल्या, प्रत्येक तारखेला एक पान. मोजणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पण शेवटच्या 'शेरा' या रकान्यात, जिथे लोक 'निरंक' लिहून मोकळे होतात, तिथे या गृहस्थानं मोत्यासारख्या अक्षरात भलतंच काही लिहिलं होतं. "पाणी शांत. मी नाही." "पुढच्या माणसा, तिसरी पायरी निसरडी आहे. मी आपटलोय." "आज कुणीच बोललं नाही. म्हणून तुझ्याशी."

मी हसत हसत बाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. वही माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाल्या, "पुढचा माणूस म्हणजे मी."

"बाई, तो पुरुषाला लिहीत असणार."

"माणूस म्हणालाय ना? मग मी कोण, म्हैस?"

त्या दिवसापासून रोज एक पान. आजची तारीख, त्याची तीच तारीख. पुढचं उलटायचं नाही. सहाची मोजणी झाली की चष्मा पुसून वाचायच्या, आणि मग आजच्या वहीच्या शेऱ्यात त्याला उत्तर लिहायच्या. "तिसरी पायरी अजून तशीच. जपते." एकदा साहेबांनी वही तपासताना विचारलं, "शेऱ्यात 'जपते' हे काय?" बाई म्हणाल्या, "सरकारी मालमत्तेला जपते." साहेबांनी सही केली.

मी थट्टा करायचो. आज काय म्हणतात आमचे भावोजी? त्या डस्टर फेकून मारायच्या. पण हळूहळू त्या मोजणीला जाताना वेणी पुन्हा घालू लागल्या, हे मी पाहिलं होतं. जो माणूस आज असलाच तर पंच्याहत्तरीच्या पुढचा असेल, त्याच्या पंचविशीतल्या अक्षराशी या बाईंचं जुळलं होतं. मला ते विचित्र वाटायचं, आणि थोडा हेवाही. मला आजवर कुणी "तिसरी पायरी निसरडी आहे" असं कळवलं नव्हतं.

पण मला टंकायचं होतं, म्हणून मी पुढे वाचत होतो. त्याच्या नदीला त्या महिन्यात पूर आला होता. तेराला पाणी दहा फूट. पंधराला तेरा. सोळाला दुपारी सतरा. सोळाची संध्याकाळची जागा कोरी, आणि त्यानंतर वहीत एकही पान नाही. चौदा तारखेचं पान जागेवर नव्हतं, पण एक सुटं पान मागे खोचलेलं सापडलं. तारीख पाण्यानं पुसलेली. पाणी अकरा फूट. शेरा, "परवा संध्याकाळची मोजणी नाही."

दहा, अकरा, तेरा. मी ते पान चौदाच्या जागी बसवलं. चौदाला बसून हा माणूस लिहितो की परवा, म्हणजे सोळाला, संध्याकाळची मोजणी नाही. आणि सोळाला ती खरंच नाही. माणसाला आपलं मरण दोन दिवस आधी दिसलं होतं!

हेच मी बाईंना सांगून बसलो.

 त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना, पुढचं सांगू नकोस." एवढंच. डस्टर फेकलं असतं तर बरं झालं असतं.

चौदाला आमचं पाणी चढू लागलं. आभाळ निरभ्र, लख्ख ऊन, वाळत घातलेले कपडे कडक होत होते, आणि खाली नदी मात्र गुपचूप फुगत होती. वरच्या धरणाची दारं उघडली होती. पंधराला तिनं पंधरा पायऱ्या गिळल्या.  शेऱ्यात बाईंनी लिहिलं होतं, "तुझं पाणी माझ्याकडे आलं."

ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

सोळाला दुपारी साहेबांचा फोन. चारला आणखी दारं उघडणार, पाचच्या आत खोली रिकामी करा, सहाची मोजणी घेऊ नका. मी वह्या पोत्यात भरू लागलो. बाईंनी खिळ्यावरची छत्री काढली, पुन्हा तिथेच अडकवली, पदर खोचला आणि शांतपणे म्हणाल्या, "तू जा. मी सहाची घेऊन येते."

"साहेब नको म्हणालेत."

"त्याची राहिली होती. मी घेते."

"बाई, तो गेलाय! बावन्न वर्षं झाली!"

"म्हणून तर. कुणीतरी ती जागा भरायला नको?"

मी विनवलं, ओरडलो, भावजयीला फोन करण्याची धमकी दिली. त्या म्हणाल्या, "कर की. तिला पोहता येतं का विचार." आणि पावणेसहाला गमबूट घालून उतरल्या. मी दारातच राहिलो. मला पोहता येत नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. माझ्याच तोंडून निघालेलं एक वाक्य त्या बाईला पाण्याकडे नेत होतं, आणि ते परत कसं घ्यायचं हे मला कळत नव्हतं.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आई.

"अरे, तुझी मावशी परवा पडली."

"परवा पडली? परवा तर ती येणार आहे म्हणालीस ना..."

"येणार तो येणारा परवा रे! पडली ती गेलेल्या परवा. तुला मराठीपण शिकवू का आता?"

मी फोन बंद न करताच पायऱ्यांवर झेप घेतली.

अकरा फूट चढतानाही असतात आणि उतरतानाही. पान चौदाचं नव्हतंच. अठराचं होतं. पूर ओसरत होता, आणि तो परत येऊन लिहीत होता की परवा, गेलेल्या परवा, मोजणी झाली नाही. कारण तो पळाला होता. शहाणा होता. जिवंत होता!

वरून विसाव्या पायरीपाशी पाणी. बाई त्याच्या खाली, गुडघ्याच्या वर बुडालेल्या, भिंतीतली साखळी धरून पट्टीकडे वाकलेल्या. पाण्याचा आवाज असा की माझा मलाच ऐकू येईना.

"बाई! गेलेला परवा!"

"काय?"

"परवा! गेलेला! तो गेलेला नाही, परवा गेलेला आहे!"

"शुद्धीवर आहेस का?"

मी आणखी दोन पायऱ्या उतरलो. पाण्यानं माझ्या दोन्ही चपला काढून नेल्या, एखाद्या सराईत चोरानं न्याव्यात तशा. "ते पान अठराचं आहे! पूर गेल्यावरचं! तो मोजायला उतरलाच नाही, बाई. तो वाचला!"

त्या वळल्या.  मग त्यांचे ओठ हलले, आकडेमोड करावी तसे.

"मूर्खा," त्या ओरडल्या, आणि तो आवाज पैलतीरावर गेला असणार. "मोजणीच्या वहीत येणारा परवा कुणी लिहितं का? जे झालं तेच लिहितात! एवढं मला सुचू नये? आणि तू तीन दिवस मला त्याच्यासाठी..."

पुढचं पाण्यात गेलं. एक ओंडका भिंतीला धडकला आणि साखळीचा खालचा खिळा निघाला. बाई एका गुडघ्यावर आल्या. मी त्यांचा दंड धरला. खरं तर त्यांनीच माझा धरला. वर कसे आलो ते नीट सांगता येणार नाही. पायऱ्या मोजत आलो एवढं आठवतं, कारण त्या मोठ्यानं मोजत होत्या. वर पोचून मागे पाहिलं तर बाई जिथे उभ्या होत्या तिथे पट्टीही दिसत नव्हती.

मी अनवाणी होतो. बाईंनी स्वतःचे गमबूट काढून आतलं पाणी ओतलं आणि माझ्यासमोर ठेवले. "घाल. रस्त्यात काचा असतील. मला घरी न्यायला भाऊ येतोय." मग हळूच, "पळाला म्हणतोस?"

"पळाला."

"बरं केलं," त्या म्हणाल्या आणि रडल्या.

अठराला खोली उघडली. बाईंनी ते सुटं पान मागवून घेतलं, स्वतःच्या हातानं तारीख घातली आणि मला म्हणाल्या, "पुढच्या महिन्याची त्याची वही गोदामात असेल. आणून दे."

आणली आहे. वहीचं पोतं माझ्या टेबलाखाली आहे, दोरी मी सोडलेली नाही. आत तेच मोत्यासारखं अक्षर असेल तर ठीक. दुसऱ्या कुणाचं असलं, तर पळालेला माणूस पुढे कुठे गेला? आणि अक्षर तेच असून शेऱ्यात पुढच्या माणसाऐवजी एखाद्या बाईचं नाव असलं तर? एकदा मी त्यांना न विचारता सांगून बसलो. आता विचारूनही सांगायचं धैर्य होत नाही.

त्या रोज विचारतात, पण वहीचं नाही. "पदवीधर, माझे बूट?"

ते घरी दाराशी आहेत. बूट आणि वही एकदमच द्यायचं ठरवलंय, म्हणून अजून काहीच दिलेलं नाही, आणि पट्टीबाई साध्या चपला घालून त्या पायऱ्या उतरतात.