बावऱ्याच्या नावाची दुसरी बाटली

"घाटाच्या तोंडावर बैलाच्या कानाला सुई न्हाई लागायची, डॉक्टर," असे सांगून बबनराव खुर्चीवरून उठले. "दुसरं काय म्हनाल ते करू."

"दुसरे काही नको आहे," मी म्हणालो.

बबनराव वारूळवाडीचे बागायतदार आणि गाडामालक. आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाडा ज्या चढावर पळतो त्याला घाट म्हणतात आणि त्याच्या एका धावेला बारी. यात्रा परवावर आली होती. त्यांचा बावऱ्या नावाचा बैल ताप येऊन गेल्यापासून नीट खात नव्हता. गावातल्या डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून रक्त काढून बाटली तपासायला माझ्या लॅबमध्ये धाडली होती. घाटात उतरण्यापूर्वी सरकारी डॉक्टर बैल तपासतात. त्यांच्यापुढे ठेवायला बबनरावांना चांगला रिपोर्ट हवा होता.

रिपोर्ट चांगला नव्हता. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणारा लाल पदार्थ, साडेपाच. धडधाकट बैलाचे दहा-अकरा असते. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर देऊन, तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंतू दिसले नाहीत. मात्र गोचिडीमुळे होणाऱ्या एका तापात जंतू लाल पेशींत शिरतात आणि त्या फोडतात, त्यामुळे लघवी लाल होते. जंतू शिरलेल्या पेशी कानाच्या टोकाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकून राहतात. मानेच्या रक्तात जंतू सापडले नाहीत तरी कानाच्या रक्तात सापडू शकतात. नेमका तोच कान बबनराव देत नव्हते. यात्रेआधी कान टोचला की बैल दबकतो, असे त्यांच्या घरात मानतात.

"लघवीचा रंग कसा आहे?" मी विचारले.

"काळपट लाल. पर ते खुराकाचं. अंडी, तूप, उडदाचं पीठ चालू हाय. उष्णता पडती."

"जोडीदार सरदारलाही तोच खुराक आहे. त्याची लघवी लाल आहे का?"

"न्हाई. त्याला पचतंय."

"गोचीड?"

"आमच्या गोठ्यात? राव, तुमच्या लॅबपेक्षा चकाचक हाय. पंखं हायेत, रबरी मॅट हाय."

"बैल बाहेर कुठे नेला होता?"

"डिंभ्याला, मेव्हन्याकडं. धरनात पवायला. दम वाढतो."

"मेव्हण्याच्या गोठ्यात पंखे आहेत का?"

बबनराव चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बावऱ्याच्या नावाची दुसरी बाटली आली. ती घेऊन कांतीशेठ स्वतः आले. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला पशुवैद्य. नारायणगावात शेठजींच्या पशुखाद्याच्या दुकानामागे ही लॅब होती. खोली आणि यंत्रे त्यांची, सही माझी. बबनराव त्यांचे जुने गिऱ्हाईक.

रक्त यंत्रात घातले. हिमोग्लोबिन अकरा.

"झालं की काम," शेठ म्हणाले.

"हे रक्त बावऱ्याचे नाही."

"बाटलीवर नाव आहे ना."

"एका रात्रीत हिमोग्लोबिन दुप्पट होत नाही."

"डॉक्टरसाहेब, नमुना आला, तुम्ही तपासला. दिसलं तेवढं लिहा. आपलं काय जातं?"

"आपले काही जात नाही. बैल जातो."

"लॅब माझी आहे."

"सही माझी आहे."

"मग उद्यापासून दुसऱ्या कोणाची तरी बघावी लागेल."

"अवश्य बघा. आज मी आहे."

रिपोर्टवर अकरा लिहिले. त्याखाली 'हा नमुना नाव दिलेल्या बैलाचा नाही, असे माझे मत आहे' असे लिहून सही केली. काचपट्ट्या आणि सुई खिशात घातली आणि वारूळवाडीला गेलो.

गोठ्यात बबनराव आणि त्यांचा धाकटा भाऊ बैलांना खरारा करत होते. मी नमस्कारही केला नाही. सरदारच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आतला भाग गुलाबी होता. बावऱ्याची ओढली. पिठासारखी पांढरी.

"यात अकरा कुठे दिसते ते मला दाखवा," मी म्हणालो.

धाकटा भाऊ हळूच म्हणाला, "दादा, बाटली सरदारची व्हती, सांगून टाक."

"तू गप रं."

बावऱ्याच्या शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवली. फुगलेली गोचीड निघाली. ती मी बबनरावांच्या तळहातावर ठेवली.

"उद्या हा घाटाच्या मध्यावर बसेल आणि पुन्हा उठणार नाही. सरकारी डॉक्टरांना मी कळवणार आहे. तुमच्यासमोरच फोन लावतो."

"गावात तोंड कसं दाखवू? आमचा गाडा कधी चुकला न्हाई."

"ते तुम्ही बघा. मी रक्त बघतो."

"लई आडमुठं मानूस हाय तुमी."

"होय. कान धरा."

त्यांनी गोचीड दगडावर चिरडली. बावऱ्याच्या वशिंडावर हात ठेवला. मग कान स्वतःच धरला. बैल दबकला नाही. त्याच्यात तेवढे त्राणही उरले नव्हते.

कानाचे रक्त काचपट्टीवर घेऊन लॅबवर परतलो. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका लाल पेशीत जोडीने बसलेले, नासपतीच्या आकाराचे जंतू दिसले. गावच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी इंजेक्शन दिले. बबनरावांचा गाडा यात्रेत उतरला नाही. बावऱ्या वाचला. रक्त भरून यायला पुष्कळ आठवडे लागले.

शेठजींनी शब्द पाळला. मी दुसरीकडे खोली घेतली आणि जुना सूक्ष्मदर्शक विकत घेऊन काम सुरू ठेवले. बबनराव बाजारात दिसले की मान वळवतात. त्यांना आजही वाटते की एवढी एक बारी बावऱ्याने काढली असती. मी त्यांची समजूत घालत नाही.

पशुपालकांना सांगायचे ते एवढेच. लघवी लाल दिसली तर खुराकाला दोष देण्याआधी जनावर कुठे बांधले होते ते आठवावे. आणि बाटलीत दुसऱ्या जनावराचे रक्त भरू नये. रिपोर्ट चांगला येतो. जनावर मरायचे ते मरतेच.