अक्कांनी धरलेली चतुर्थी

डॉ. कावेरीबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांच्या तांबरमच्या दवाखान्यात येरझाऱ्या घालत होते. बाकावर जागा होती, पण मला बसवत नव्हतं. दार उघडून त्या बाहेर आल्या, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बस मा. तू चाललीस म्हणून तुझा नंबर पुढे येणार काय?"

चेन्नईत येऊन मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. डॉक्टरांच्या तोंडून मराठी ऐकण्याची अपेक्षाच नव्हती, त्यामुळे मी खरोखरच मटकन बसले. कावेरीबाई तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या मराठीत तमिळचा हेल आहे, शब्द काही जुने, काही सरळ तमिळ, जसं प्रत्येकीला लाडाने लावलेलं ते 'मा'. सगळे त्यांना अक्का म्हणतात, तशी मीही त्याच दिवशी म्हणू लागले. यंदा अक्कांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने मला पत्र पाठवून लेख मागितला आणि तो मुद्देसूद असावा अशी सूचनाही केली. समितीची मी आधीच माफी मागते. माझं मन एका जागी ठरत नाही, आणि गेल्या महिन्यापासून तर मुळीच ठरलेलं नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

त्या पहिल्या दिवशी मला सहावा आठवडा होता. त्याआधी दोन वेळा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना पुरा झाला नव्हता. मला पीसीओएस आहे हे कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं. पाळी मनाला येईल तेव्हा येणार, वजन वाढणार, हनुवटीवर केस येणार, आणि भेटेल तो डॉक्टर "आधी वजन कमी करा" म्हणून हात झटकणार, याची मला सवय झाली होती. म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या मीच सांगून टाकलं, "वजन जास्त आहे, माहीत आहे मला."

अक्का म्हणाल्या, "मी विचारलं काय?"

त्यांच्या दवाखान्यात वजनाचा काटा पडद्यामागे आहे आणि आकडा मोठ्याने वाचायचा नाही, अशी नर्स सेल्वीला सक्त ताकीद आहे. ही गोष्ट बाहेरच्यांना किरकोळ वाटेल. ज्या बाईचं वजन आजवर भर गर्दीत पुकारलं गेलंय, तिलाच विचारा. अक्कांनी माझी साखर त्याच आठवड्यात तपासायला लावली, रक्तदाबाची नोंद सुरू केली, आधीपासून चालू असलेल्या गोळीचं काय करायचं ते माझे रिपोर्ट पाहून ठरवलं. मग शांतपणे सांगितलं की पीसीओएस असलेल्या बाईला दिवस राहिले की साखर आणि रक्तदाब या दोन्हींवर पहिल्यापासून डोळा ठेवायचा. "तुझी चूक काही नाही. शरीराचा स्वभाव असा आहे. स्वभाव ओळखून वागायचं." एवढं साधं वाक्य मला तोवर कोणी ऐकवलं नव्हतं. मी तिथेच रडले, आणि अक्कांनी मला रडू दिलं.

माझा नवरा अभिजित इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. मी सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये. अक्कांनी चिठ्ठीवर औषधांच्या खाली लिहिलं, 'जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणे, दोघांनी', आणि चिठ्ठी माझ्या हातात न देता अभिजितच्या हातात दिली. तो म्हणाला, "डॉक्टर, मला कशाला?" अक्का म्हणाल्या, "पोर एकटीचं आहे काय?" त्या दिवसापासून आमच्या कॉलनीत दोघांची वरात निघू लागली. शिफ्ट संपवून आलेला माणूस जांभया देत चालायचा, पण चालायचा.

साखर घरी मोजायची आणि वहीत लिहायची असं ठरलं. उठल्यावर एकदा आणि प्रत्येक जेवणानंतर दोन तासांनी. आकड्यासमोर काय खाल्लं तेही लिहायचं. वही अक्का स्वतः वाचतात, दुसऱ्या कोणाला वाचू देत नाहीत, आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचतात. माझे आकडे चांगले होते. मी खूश होते. अधूनमधून एखादा दिवस चढा जायचा, तेव्हा 'काय खाल्लं' या रकान्यात मी लिहायची, 'हलका आहार'.

पाचव्या महिन्यात अक्कांचं बोट एका ओळीवर थांबलं. मग त्यांनी पानं मागे उलटली. आणखी एक तशीच ओळ, त्याच्या महिनाभर आधी आणखी एक. दुपारचा आकडा एकशे वीसच्या आत असावा, तिथे तिन्ही दिवशी एकशे ऐंशीच्या वर, आणि तिन्ही दिवशी 'हलका आहार'. अक्का उठल्या. भिंतीवर महिन्याच्या पानांचं तमिळ कॅलेंडर होतं. त्याची मागची पानं उचलून त्यांनी तारखा पाहिल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"चतुर्थी धरतेस?"

हो, धरत होते. दुसऱ्या गर्भपातानंतर मी नवस केला होता की मूल मांडीवर येईपर्यंत एकही संकष्टी चुकवणार नाही. सासूबाईंनी सांगितलं नव्हतं, आईनेही नाही. माझा मीच केला होता.

"हा हलका आहार म्हणजे काय?"

"साबुदाण्याची खिचडी. बटाटा घालून. दुपारी रताळं. मग चंद्रोदयाला जेवण."

"जव्वरिसी?" अक्कांचे डोळे मोठे झाले. इकडे साबुदाण्याला जव्वरिसी म्हणतात आणि त्याचं पायसम, म्हणजे खीर, करतात. उपासाला तो हलका म्हणून कोणी खात असेल हे त्यांच्या कानावर आलं नव्हतं. "सगळा पिठूळ पदार्थ! त्यावर बटाटा, त्यावर रताळं!"

"उपासाला चालतं, अक्का."

"देवाला चालतं मा. तुझ्या रक्ताला कोणी विचारलं?"

आज ही हकीकत मी हसत सांगते. त्या क्षणी मला संताप आला होता. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात विचारा, उपास म्हणजे पोटाला विश्रांती, हेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दिवसभर उपाशी, मग चढला कशाने आकडा? आणि खरं सांगायचं तर मला आकड्याची भीती नव्हती, उपास मोडण्याची होती. मी अक्कांना आवाज चढवून म्हणाले, "तुम्ही सोड म्हणाल आणि मी सोडीन. उद्या काही झालं तर मी कोणाला जाब विचारू?"

दुसऱ्या कोणी डॉक्टरांनी मला अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं असतं. अक्कांनी हात धुतले, खुर्ची टेबलाच्या माझ्या बाजूला ओढली आणि बसल्या.

"घरात कोणी आजारी पडलं तर त्याचा उपास घरातलं दुसरं माणूस धरतं. आमच्यात असं आहे. तुमच्यात आहे काय?"

"आहे."

"इथे घरातलं कोण आहे तुझं?"

मी विचार केला. अभिजितची शिफ्ट. आई नाशिकला, सासूबाई सांगलीला, आणि दोघींनाही नवसाचा पत्ता नाही. "कोणी नाही," मी म्हणाले.

"सेरि, बरं. मग मी धरते. तू वेळेवर जेव."

मला वाटलं, माझी समजूत काढायला बोलल्या. पुढच्या चतुर्थीला मी मुद्दाम दुपारी काहीतरी निमित्त काढून दवाखान्यात गेले. टेबलावर अक्कांचा डबा बंद होता. सेल्वी कुरकुरत होती की डॉक्टरांनी सकाळपासून नुसतं ताक घेतलंय. रात्री चंद्र उगवल्यावर अक्कांचा फोन आला. "चंद्र दिसला. तू जेवलीस?" मी म्हणाले, "केव्हाच." "छान. आता मी जेवते." आणि फोन बंद. असे चार फोन आले. त्या चार महिन्यांत माझा एकही आकडा तसा चढला नाही. शेवटी रक्तदाबाने त्रास दिला, अक्कांनी वेळेआधी दाखल करून घेतलं, आणि अडतिसाव्या आठवड्यात आमची मुक्ता झाली. ती आता नऊ वर्षांची आहे आणि तमिळ माझ्यापेक्षा चांगलं बोलते.

मुक्ता दोन वर्षांची झाल्यावर मी आहारशास्त्राचा एक अभ्यासक्रम केला आणि दर शनिवारी अक्कांकडे जाऊ लागले. महाराष्ट्रातून आलेल्या मुलींशी त्यांच्या ताटातल्या पदार्थांबद्दल मराठीत बोलायचं, एवढंच माझं काम. पहिला प्रश्न मी उपासाचाच विचारते. काम कसं करायचं हे मात्र अक्कांकडून शिकले. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातली एक गरोदर मुलगी होती. मी तिला सुंदर तक्ता करून दिला, आठ वाजता नाश्ता, अकराला फळ. साखर काही ऐकेना. मी वैतागून म्हणाले, ही मुलगी तक्ता पाळत नाही. सोमवारी पहाटे, वयाच्या सत्तराव्या वर्षी, अक्का कंपनीच्या बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. मुलगी पाच वाजता गोड चहा आणि दोन बिस्किटांवर बसमध्ये चढत होती, आणि कँटीनमध्ये पहिला घास थेट दहाला. आठ वाजता ती मशीनसमोर उभी असायची. अक्कांनी माझा तक्ता मला परत दिला. "बसची वेळ विचारून लिही." मला त्या दिवशी फार लाज वाटली. तेव्हापासून माझ्या तक्त्यावर सर्वांत वर बसची वेळ असते.

अक्कांचे दोष लिहू नयेत असं समितीने कुठे म्हटलेलं नाही. त्या स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात असतो, हे मला सेल्वीकडून कळलं. त्यांना चार वर्षांपूर्वी मधुमेह निघाला, हेही सेल्वीकडूनच. दुसऱ्यांची वही बोट ठेवून वाचणाऱ्या अक्का स्वतःची वही ठेवतच नाहीत.

गेल्या महिन्यात शनिवारी दुपारी अक्का चिठ्ठी लिहीत होत्या आणि अक्षर वाकडं झालं. हात थरथरत होता, कपाळावर घाम. मी सेल्वीला हाक मारली, बोट टोचून साखर मोजली. बासष्ट. ग्लासभर साखरपाणी त्यांना बळेच पाजलं. टेबलावर डबा होता. बंद. माझी नजर आपोआप भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली, आणि मग मी मागचापुढचा विचार न करता ओरडले, "कोणाची धरलीत?"

अक्का लहान मुलीसारखा डबा मागे सरकवू लागल्या. मग म्हणाल्या, "एकच आहे मा. सातवा महिना लागला तिला. उपास सोड म्हटलं की व्याकूळ होते बिचारी." माझ्यानंतर अशा किती जणींच्या चतुर्थ्या त्यांनी धरल्या, ते त्या सांगत नाहीत, सेल्वीलाही ठाऊक नाही. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन, दिवसभर ताकावर! मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. नऊ वर्षांत एकदाही मी विचारलं नव्हतं. मी खुर्ची टेबलाच्या त्यांच्या बाजूला ओढली.

"अक्का, इथे घरातलं कोण आहे तुमचं?"

अक्का चष्मा काढून पुसत बसल्या.

"मग यापुढे मी धरते," मी म्हणाले.

परवा संकष्टी झाली. साबुदाण्याला हात न लावता मी ती धरली. चंद्र दिसल्यावर अक्कांना फोन केला. वाजत राहिला, कोणी उचलेना. मी गच्चीत येरझाऱ्या घालू लागले, अभिजित म्हणाला बस जरा, मी बसले नाही. तिसऱ्यांदा केला तेव्हा उचलला.

"चंद्र दिसला, अक्का. जेवलात?"

"केव्हाच."

"काय जेवलात?"

मग अक्का म्हणाल्या, "हलका आहार," आणि खदखदून हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी ऐकलं नव्हतं. पण मी कसली ऐकते! त्यांच्या सोबतीला राहिलेल्या सेल्वीला फोन द्यायला लावला. दोन चपात्या, घेवड्याची भाजी, वाटीभर दही, आठ वाजता, तिच्या डोळ्यांदेखत. तेव्हा कुठे मी पानावर बसले.

अक्का, पंच्याहत्तरी ही काही दमण्याची वेळ नाही, असं तुम्हीच परवा समितीला सुनावलंत. मग अजून पुष्कळ वर्षं आम्हाला तुमच्या बोटाखाली आमच्या वह्या ठेवायच्या आहेत. मुक्ता कधीतरी तुमच्यासमोर त्या खुर्चीत येऊन बसेल, तेव्हाही तुम्ही तिथे असायला हव्या आहात. त्यासाठी देवापाशी मी नवीन नवस केलेला नाही, घाबरू नका. तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे की वेळेवर जेवा. चतुर्थ्या आता माझ्याकडे आहेत.