खिडकीत अडकलेला कुलूपवाला

कुलूपवाला मुळात भिडस्त. कुणी मोठ्याने हाक मारली की आधी 'आलोच' म्हणायचं आणि कशाला ते नंतर विचारायचं, ही त्याची रीत. त्या दिवशीही तो तसाच गेला.

कोपऱ्यावरच्या खोलीत एका वेगळ्या पंथाची मोजकी माणसं गप्प बसून प्रार्थना करायची. त्यांचं ते गप्प बसणं समोरच्या कापडवाल्याला खुपायचं. त्याने हाका मारून जमाव गोळा केला, त्या माणसांना हुसकावलं, त्यांची बाकं अंगणात भिरकावली. एक बाक कुलूपवाल्यानेही भिरकावलं. दाराला कुलूप ठोकलं तेही त्यानेच. किल्ली कापडवाल्याच्या खिशात गेली.

तेव्हापासून कुलूपवाल्याचं मन त्याला खाऊ लागलं, आणि तो समोर येईल ते खाऊ लागला. शर्टाची बटणं उडायला लागली. स्वतःच्या घराला कुलूप लावायलाही त्याचा हात धजेना.

"अहो, घर उघडं टाकून काय होणार?" बायको वैतागली. "जा, त्यांची माफी मागा. आणि जेवण पुरे आता!"

ती माणसं हल्ली मागच्या खिडकीतून खोलीत शिरतात, असं त्याच्या कानावर आलं होतं. एका सकाळी तोही तिथे गेला. डोकं घातलं, खांदे घातले आणि कमरेशी गच्च अडकला.

आत पाचसहा जण डोळे मिटून बसले होते. एरवी शिवणकाम करणाऱ्या एका आजींनी एक डोळा उघडला.

"आजी, बाक मी फेकलं, कुलूपही मीच लावलं. माझी चूक पोटात घाला."

"ते नंतर बघू. आधी तू तुझं पोट आत घे."

तेवढ्यात पाठीमागे कापडवाला आला. त्यालाही खिडकीची कुणकुण लागली होती.

"कोण रे तू? बाहेर ये!"

"येता येत नाही."

"मग आत जा!"

"जाताही येत नाही!"

"मग करतोयस तरी काय?"

कडी बसवतोय, असं सांगता आलं असतं. पण समोर आजी दोन्ही डोळे उघडून बघत होत्या.

"माफी मागतोय!" कुलूपवाला ओरडला.

कापडवाल्याने चिडून सणसणीत लाथ घातली. कुलूपवाला भसकन आत, थेट आजींच्या पायाशी.

तो उठला, खिशातून पेचकस काढला आणि दाराच्या बिजागऱ्या आतूनच खोलल्या. दार कुलपासकट भर अंगणात आडवं झालं. बाकंही त्याने एकेक करून आत आणली. धावत पुढे आलेला कापडवाला खूप ओरडला, पण या वेळी 'आलोच' म्हणायला कुणी नव्हतं.



"जाण्याआधी दार बसव," त्याच्या माफीवर आजी एवढंच म्हणाल्या. "वारा येतोय."