पुलावरचा वारा आणि भाचीचा उतारा

आमच्या भाचीच्या हातात पुस्तक देणं म्हणजे बोक्याला दुधाची राखण सांगणं. यंदा दहावीची परीक्षा देऊन ती ढोकीहून आमच्याकडं जळकोटला सुट्टीला आली. महिन्याभरात तिनं गावच्या वाचनालयातली पुस्तकं वाचून वाचून अशी झिजवली, की तिथल्या वाळवीनं उपाशी मरण्यापेक्षा शेजारच्या सोसायटीच्या कपाटात बिऱ्हाड हलवलं. खोटं वाटत असेल तर सोसायटीच्या शिपायाला विचारा.

वाचायला माझी ना नाही. पण वाचून झालं की ही पोरगी निकाल लावते. तिचे वडील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत. शंभर किलो ऊस गाळल्यावर साखर किती किलो निघते, त्याला तिथं उतारा म्हणतात. दहा-अकरा उतारा आला की माणसं एकमेकांशी नीट बोलतात, सातवर घसरला की चहासुद्धा कडू लागतो. या पोरीनं तेच माप पुस्तकांना लावलं. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आकडा आणि खाली दोन ओळी.

एका जाडजूड कादंबरीत नायक शहरातून गावी परततो. तिच्या मागं लिहिलेलं: ‘उतारा चार. हा माणूस तीनशे पानं आभाळाकडं बघतो. मान दुखत न्हाय का?’ एका प्रेमकथेला तीन: ‘दोघांकडं मोबाईल होते. पहिल्याच पानावर फोन केला असता तर माझे दोन दिवस वाचले असते.’ एका बड्या साहेबाच्या आत्मचरित्राला दोन: ‘यांची आयुष्यात एकदाही चूक झाली नाही. बदली झाली तीही दुसऱ्याच्या चुकीनं.’ आणि एका आठवणींच्या पुस्तकाला, जे वाचून मी तीन टॉवेल भिजवले होते, त्याला पाच! ‘आई पहिल्या पानापासून भाकऱ्या थापते. तिला काय वाटतं ते लेखक एकदाही विचारत नाही, नुसता खातो.’

“अगं, पण भाषा बघ की!” मी ओरडलो.

“भाषा चांगली हाय मामा. म्हणून तर पाच दिले. न्हायतर तीनच.”

साऱ्या सुट्टीत तिनं तेरा दिले ते एकाच पुस्तकाला. कुण्या नर्सबाईच्या आठवणी, पुस्तक पापडाएवढं जाड. त्यात ती बाई सांगते, की नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्याला बघून ती घाबरून पळाली आणि संडासात लपून बसली. “एवढंच?” मी म्हणालो. “तेवढं तरी कुणी सांगतं व्हय?” ती म्हणाली.

आता माझा जीव का वर-खाली होत होता ते सांगतो. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केल्यावर मीही आठवणी लिहिल्या होत्या. सोलापूरचा छापखाना हस्तलिखिताची वाट बघत होता. गावातल्या नवरात्र मंडळाच्या पोरांनी तर ठरवूनच टाकलं होतं, की येत्या घटस्थापनेला तुळजापूरहून ज्योत गावात आली, की तिच्या उजेडात पुस्तकाचं प्रकाशन करायचं. कारण पुस्तकातलं सगळ्यात गाजणारं प्रकरण ज्योतीचंच होतं. विशीत असताना मी देवीच्या देवळातून पेटवलेली ज्योत घेऊन तुळजापूर ते जळकोट धावत आलो, ही गोष्ट मी गावाला इतक्यांदा सांगितली होती, की गावातली शेळीसुद्धा ती ऐकून मान हलवायची. बायको म्हणाली, “छापायच्या आधी पोरीला वाचायला द्या.” तीस वर्षं बिनतिकिटाचे पकडले, पण घरातल्या या दोघींपुढं माझं काही चाललं नाही.

पोरीनं दोन दिवसांत वाचलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर पाय सोडून बसली.

“मामा, थापा लई झ्याक मारल्यात. बसच्या टपावरचा रेडा, तिकिटाच्या पेटीतला साप. सगळ्याला मिळून नऊ.”

“नऊ!” माझी छाती फुगली.

“ज्योतीच्या प्रकरणाला शून्य.”

मी चहाची बशी खाली ठेवली. म्हणजे आपटली. “त्यातच तर सगळं हाय! बाभळी मुळासकट उडत होत्या, मी एकटा...”

“तुळजापूर ते नळदुर्ग बावीस पानं लिवलीत तुम्ही. भजी खाल्ली, काटा मोडला, कुत्रं मागं लागलं, कुत्र्याचा रंगसुद्धा हाय. मग पूल येतो, वारा येतो. अन् पुलापासनं गावापर्यंत एकच ओळ. ‘मग आम्ही गावात पोचलो.’ तुमच्यासारखा माणूस इतकी वाट गप्प चालतो व्हय, मामा? आणि एकटे होता तर ‘आम्ही’ कोण?”

मी तिला म्हणालो, तू आगाऊ आहेस. कारखान्याच्या मळीत पडून तुझं डोकं नासलंय. माझ्या बहिणीला फोन करून तुला आजच्या आज घेऊन जायला सांगतो. ती हलली नाही. “ज्योत इझली व्हती ना?” एवढंच म्हणाली.

चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

आम्ही बाराजण निघालो होतो, आळीपाळीनं धावत. नळदुर्गात बाकीचे चहाला थांबले आणि ज्योत घेऊन आम्ही दोघं पुढं आलो, मी आणि माझा जोडीदार. पुलावर वारा असा आला, की ज्योत विझली. फडफडली नाही, मोठी झाली नाही, नुसती विझली. परत तुळजापूर गाठायचं तर दिवस मावळला असता, आणि गावात बाया ताटं घेऊन वेशीवर उभ्या होत्या. जोडीदाराच्या खिशात बिडीसाठी काडेपेटी होती. तीन काड्या वाया गेल्या, चौथीनं पेट घेतला. हे कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घेतली आणि आम्ही एकमेकांकडं न बघता धावत सुटलो.

वेशीवर सगळ्यात पुढं माझी आई होती. तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं, ज्योतीला हात जोडले आणि तिच्यावर घरचा दिवा लावला. नऊ दिवस ती त्या दिव्यापासून हलली नाही, घरात आम्हाला पाऊल वाजवू दिलं नाही. “देवीच्या घरची ज्योत हाय,” म्हणायची. मी रोज तिला सांगायचं ठरवायचो आणि रोज वारा जरा मोठा करून गोष्ट सांगायचो. ती गेली तेव्हा माझ्या गोष्टीतल्या बाभळी उडायला लागल्या होत्या.

पोरगी सगळं ऐकून म्हणाली, “हे लिवा.”

“अन् मंडळाची पोरं? ज्योतीपुढं प्रकाशन करायचंय त्यांना!”

“मग ज्योतीपुढं खोटं वाचणार का?”

असं बोलणं! कपाळावर हात मारून मी जोडीदाराच्या शेतात गेलो. शपथ दोघांची होती. तो उसाला पाणी देत होता. सगळं ऐकून त्यानं खोरं बांधाला टेकवलं.

“लिही की. मलाबी लई दिवस झालं टोचतंय.” मग खोरं उचलत म्हणाला, “पण काडेपेटी बिडीसाठी व्हती असं लिवू नको. सून वाचती माझी.”

“मग कशासाठी व्हती लिवू?”

“ते तू बघ. तुला का सुचत न्हाय व्हय?”

नाही सुचलं. बिडी तशीच राहिली. मंडळाच्या अध्यक्षाला, म्हणजे कालच्या पोराला, मी ते प्रकरण आधीच वाचून दाखवलं. त्यानं कागद माझ्या हातातून घेऊन शेवटचं पान पुन्हा वाचलं. मग म्हणाला, “काका, यंदा ज्योतीमागच्या टेंपोत कंदील ठेवतो. त्याच ज्योतीवर पेटवलेला. असं झालं तर त्याच्यावरनं लावता यील.” प्रकाशनाचं काय, हे त्यानंही काढलं नाही, मीही विचारलं नाही.

भाचीनं नवं प्रकरण उभ्यानंच वाचलं. पेन्सिल कानामागून काढली, अकरा लिहिलं आणि खाली एक ओळ: ‘पुलावरचा वारा अजून जास्त वाटतो. कमी करा.’

आता काय बोलावं! साऱ्या पुस्तकात तेवढा वाराच तर मी होता तसा लिहिला होता. मी वारा कमी केला नाही. दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या गाडीत ओळखीच्या कंडक्टरच्या हाती हस्तलिखित दिलं आणि बजावलं, खिडकीशी ठेवू नको.