बायकांच्या दारावरची मावशी

"बसा गं, बसा. पडदा कुठं पळून नाय जात!"

बोईसरच्या आमच्या थिएटरात बायकांच्या दारावर तिकिटं फाडणारी मावशी प्रत्येक खेळाला हे म्हणायची. उशिरा आलेल्या बाईच्या पाठीवर हात ठेवून तिला अंधारातून खुर्चीपर्यंत न्यायची. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी वर केबिनमध्ये मशीन चालवायचो.

तिने स्वतः एकही पिक्चर पुरा पाहिला नव्हता. मारामारी सुरू झाली की बाहेर पायरीवर जाऊन बसायची. "खोटं रगतबी नाय बघवत मला." तुम्हीही हसला असतात, आम्ही हसायचो.

कारण मला फार उशिरा कळलं. एडवणला तिच्या नवऱ्याची वाडी होती. विहिरीकडेच्या नारळांच्या एका रांगेच्या भांडणावरून सख्ख्या दिराने नवऱ्याच्या डोक्यात पहार घातली. साक्ष द्यायला गावातलं कुणी पुढे आलं नाही, दीर सुटला. मावशी तान्हं मूल घेऊन बोईसरजवळ सरावलीला आली. "जमीन त्याला ऱ्हाऊ दे, मला माझा पोरगा ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली होती म्हणे. पोरगा मोठा झाला, कारखान्यात लागला.

मग एक हिंदी पिक्चर आला. जमिनीसाठी चुलत्याने बापाला मारलेलं, आणि शेवटच्या रिळात मुलगा चुलत्याला त्याच शेतात गाठतो. लोक शिट्ट्या मारायचे. मावशीचा मुलगा पुरुषांच्या दाराने रोज यायचा. शिट्टी मारायचा नाही. नुसता बघायचा.

आठव्या दिवशी मावशी केबिनचा जिना चढून आली. पहिल्यांदाच.

"भाऊ, शेवट नको दाखवू. आजच्या दिस रीळ तोड, काय तरी कर."

"मावशी, लोक खुर्च्या मोडतील. पिक्चर आहे तो."

"तुमाला पिक्चर हाय." ती जिन्याचा कठडा धरून खाली गेली.

मी शेवट दाखवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा एडवणला गेला. कोयता चुलत्याच्या मानेवर बसला. म्हातारा मेला नाही, पण मानेखालचं शरीर हलेना. मुलाला सात वर्षांची शिक्षा झाली. चुलत्याच्या थोरल्या मुलाने भर कोर्टात धमकावलं, "सुटू दे त्याला, मग बघतो."

मावशीने दारावरची नोकरी सोडली. मी भेटायला गेलो, तर गाठोडं बांधत होती.

"कुठे निघालीस?"

"एडवणला. दिराला सांभाळायला. त्याची बायको नाय जिवंत."

"ज्याने तुझा नवरा मारला, त्याला?"

"माझा सुटून येईल तवा दिराचे हे दोगे पोरगे त्याला सोडनार नाय. त्यांच्या बापाचं गू-मूत मी काढलेलं असंल, तर हात जरा आखडंल. दुसरं काय हाय माज्याकडं?"

मी तिच्या गाठोड्याची गाठ आवळून दिली.

काही वर्षांनी एडवणला गेलो तेव्हा ती दिसली. ओटीवर म्हातारा खाटेवर पडला होता आणि मावशी त्याला पेज भरवत होती. पायरीवर त्याचा थोरला कोयत्याने शहाळी तासत बसला होता. त्याने मला पाणी विचारलं नाही.

"मावशी, कधी सुटतोय?" मी विचारलं.

कोयता थांबला.

मावशीने आधी पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हळू बोल, भाऊ," ती म्हणाली. "याच महिन्यात."

आणि तिने पेजेचा पुढचा चमचा म्हाताऱ्याच्या तोंडाशी नेला.