आत्याने बांधलेली बुलेट ट्रेन

देशातली पहिली बुलेट ट्रेन नाशिकला येणार नाही, हे इंदिरानगरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या वडिलांनाही. तरी तिची सगळ्यात जास्त वाट आमच्याच घरात पाहिली जायची, कारण ती सुरतला थांबणार होती आणि सुरतला माझी आत्या राहते.

बाबांना बस लागते. सापुताऱ्याचा घाट आला की ते पिशवी घेऊन खिडकीशी, आणि शेजारचे लोक गुपचूप जागा बदलतात. त्यामुळे बुलेट ट्रेनची बातमी आली तसं त्यांनी जाहीर करून टाकलं, की आता सुरतला जाईन तर तिनेच. ठाण्यापर्यंत साधी गाडी, पुढे बुलेट. मी म्हणाले, "अहो बाबा, साध्या गाडीनेही जाता येतं की. मध्ये बदलायची फक्त." तर म्हणाले, "बदलायचीच तर चांगलीशी बदलू." या माणसाशी वाद घालणं म्हणजे आपलंच डोकं भिंतीवर आपटणं.

मग दर भाऊबिजेला आत्या तिकडे मोबाइलसमोर निरांजन ओवाळायची आणि इकडे बाबा कॅमेऱ्यात कपाळ पुढे करायचे. एरवी रोज संध्याकाळी फोन. आत्याचं घर मार्गाच्या जवळ, गच्चीवरून सगळं दिसतं म्हणायची, म्हणून कामावर देखरेख तिची.

"अक्का, खांब कुठवर आले?"

"लय पुढं गेले रे. आज वर गर्डर चढवला. क्रेन केवढी व्हती!"

"आन् नदीवरचा पूल?"

"व्हतोय. घाई नको करू, पक्कं काम हाय."

ऐकणाऱ्याला वाटावं, सिमेंट हीच कालवते. फोन ठेवला की बाबा तेच सगळं मला पुन्हा सांगायचे, आणि मी चहा टाकायच्या निमित्ताने उठायचे.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आतेभावाचा फोन आला. बोलता बोलता मी त्याला पुलाचं विचारलं. तो हसायलाच लागला.

"कसला पूल? आईचे गुडघे पार गेलेत. गच्चीवर चढून वर्ष झालं तिला. आणि चढली तरी समोर टॉवर झालाय, काही दिसत नाही."

मला आत्याचा असा राग आला! इतक्या भोळ्या माणसाला रोज फसवायचं? तरातरा बाहेरच्या खोलीत गेले आणि बाबांना सगळं सांगून टाकलं.

बाबा पेपर वाचत होते. "ठाऊक आहे मला," म्हणाले. "तो पूल तिने दोनदा बांधलाय. कामाचे व्हिडिओ मी बघतो ना मोबाइलवर. पण खांब संपले की ती फोन ठेवते. म्हणून विचारत राहतो."

मग पेपराची घडी घालत ते म्हणाले, "गुडघ्यांचं मात्र बोलली नाही."

नांदगावला लहानपणी ही बहीण त्यांना कडेवर घेऊन शेतावर जायची, हे मी त्यांच्याकडून हजारदा ऐकलं आहे. त्या दिवशी त्यांनी ते सांगितलं नाही. "बसचं बघ," एवढंच म्हणाले.

घाटात व्हायचं ते झालं. पोचलो तेव्हा त्यांचा चेहरा कच्च्या कैरीसारखा झाला होता. आत्याला उठता येईना. मग बाबाच तिच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले आणि तिचा हात पोचेल एवढं कपाळ वर केलं. तिने ओवाळलं. मला तिथे उभं राहवेना, मी स्वयंपाकघरात गेले.

राहिलो तोवर खांबांचं नाव कोणी काढलं नाही. जेवणं, पत्ते, आणि एकमेकांवर पानं लपवल्याचे आरोप.

निघताना आत्या सवयीने म्हणाली, "गाडी सुरू झाली का ये मग."

बाबा चपला घालत होते. "गाडीचं ऱ्हाऊ दे, अक्का. पुढल्या महिन्यात येतो. बसनेच."

"नको रे, तुला बस लागती."

"लागू दे," बाबा म्हणाले.